2004 ची स्प्लेंडर: घरी काय उघडायचं, मिस्तरीकडे काय न्यायचं?

यावलचा मास्तर

राम राम मंडळी. वडिलांची 2004 ची स्प्लेंडर प्लस माझ्याकडे आहे, एमएच 19. पंधरा वर्षांनंतर दोनदा पासिंग करून घेतलं, कागद 2029 पर्यंत चालतील. विकायचा विषय घरात काढायचाच नाही. रोज यावल ते भुसावळ, सुटीच्या दिवशी शेत, म्हणजे पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि मे महिन्यात भुसावळचं ऊन, दोन्ही तिच्या वाट्याला.

मागच्या सर्व्हिसिंगला मी मुद्दाम गॅरेजवर बसून राहिलो. पोराने क्लच बघतो म्हणून उजवं कव्हर काढलं, एक स्क्रू निघेना तर छिन्नी लावून हातोडी मारली. ऑइल ड्रममधून मापाने ओतलं. कोणतं म्हणून विचारलं, तर "चांगलंच आहे सर." बिलावर टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हचा गॅप लावणं) लिहिलं होतं, आणि टॅपेटच्या कॅपला कोणी बोट लावलेलं मी पाहिलं नाही. वर सल्ला, "सर, आता बोअरचं काम काढावं लागेल," म्हणजे सिलिंडर-पिस्टनचं. धूर नाही, ऑइल कमी होत नाही, बोअर कशाला?

सध्याची दुखणी: सकाळी टिकटिक, तापल्यावर कमी. चेन खडखडते. डबल सीट चढाला क्लच थोडा सटकतो. माझ्याकडे गाडीबरोबर आलेली पान्यांची पिशवी आणि हातपंप, एवढंच. शिकायची हौस आहे, हात बरा चालतो. सगळं स्वतः करावं का? की हे मास्तरकीइतकं सोपं नाही?

शिरपूर एक्स्प्रेस

सर, बिनधास्त करा! यात ना सेन्सर ना कॉम्प्युटर. एक टूलबॉक्स घ्या, व्हिडिओ लावा, रविवारी अंगणात बसा. मी ऑइलपासून क्लच प्लेटपर्यंत सगळं घरीच करतो. आमच्याकडे म्हणतो तसं, गाडी तुनी शे, मंग पाना बी तुनाच पाह्यजे.

शेडचा फिटर

मास्तर, मी भुसावळच्या लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालो. शिरपूरच्या भाऊचा उत्साह मला आवडला, पण "सगळं घरी" हे मला मान्य नाही आणि "सगळं गॅरेजला" हेही नाही. काम सोपं की अवघड हे मी बघत नाही. चुकलं तर ते कुठे कळेल, हे बघतो. ऑइलचा बोल्ट ढिला राहिला तर अंगणात थेंब दिसेल. टॅपेट चुकला तर गाडी उभ्या उभ्या आवाज बदलेल. मागच्या ब्रेकची टॉर्क पट्टी, म्हणजे ब्रेकचं पॅनेल फिरू नये म्हणून धरून ठेवणारी पट्टी, जोडायची राहिली, तर मात्र ते फैजपूर रोडवर केळीचा ट्रक समोर असताना कळेल. पॅनेल गरकन फिरतं आणि चाक जाम होतं. चाक काढणं टॅपेटपेक्षा सोपं आहे, तरी पहिल्या खेपेला ते जाणत्या माणसासमोरच करा.

ऑइल तुम्ही आजपासून करा. गाडी पाच मिनिटं चालवून कोमट करा, डबल स्टँडवर लावा, खालचा 17 चा बोल्ट काढा. केसिंग अॅल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचा. लांब पान्याने जोर केलात तर आटे जातील आणि गाडी लेथवाल्याकडे न्यावी लागेल. पाना बोल्टजवळ धरून आवळा, वायसर नवा टाका. ऑइल मोटरसायकलचंच, 10 डब्ल्यू 30, डब्यावर जासो एमए लिहिलेलं, ती ऑइलमध्ये फिरणाऱ्या क्लचसाठीच्या ऑइलची खूण. या गाडीचा क्लच ऑइलमध्येच फिरतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्याने प्लेटा सटकतात. तुमच्या क्लचचं दुखणं त्या ड्रममध्येही असू शकतं. म्हणून प्लेटांवर पैसे घालण्याआधी ऑइल बदला आणि केबल बघा. लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिलिमीटर ढिल पाहिजे. ढिलच नसेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो.

लेव्हल बघताना पट्टी पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. हे भल्याभल्यांना माहीत नसतं, मग ऑइल जास्त भरलं जातं.

टॅपेटबद्दल एक उलटी गोष्ट. थोडी टिकटिक येते तोवर घाबरू नका. टिकटिक आपोआप बंद झाली, गाडी एकदम गुपचूप चालायला लागली, तर काळजी करा. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. गॅप थंड इंजिनवरच बघायचा, म्हणजे रात्रभर उभी गाडी, पहाटे. टॅपेटच्या कॅप आणि डाव्या कव्हरवरच्या दोन टोप्या काढा, क्रँक घड्याळाच्या उलट फिरवून आतल्या चाकावरची टी खूण रेषेत आणा, दोन्ही रॉकर हाताने हलतात का बघा. हलत नसतील तर अजून एक पूर्ण फेरा. माप गाडीच्या पुस्तकातलं घ्या, शेजाऱ्याचं नको. फिलर गेजशिवाय (गॅप मोजायच्या बारीक पत्त्यांशिवाय) हे काम करणारा कानाच्या भरवशावर चाललाय, मग तो कितीही जुना मिस्तरी असो.

आता खरी गोष्ट. त्या पोराने उजवं कव्हर बसवताना पॅकिंग नवीन टाकलं का?

यावलचा मास्तर

नाही अप्पा. जुनं फाटलं होतं, त्याने लाल सिलिकॉन लावलं, भरपूर. बाहेरसुद्धा ओघळ आलाय.

शेडचा फिटर

मग ते कव्हर पुन्हा उघडावं लागणार. बाहेर जेवढं आलंय तेवढं आतही गेलं असेल. तुकडे सुटून ऑइलच्या जाळीवर बसले की पंपाला ऑइल कमी पडतं, आणि वर कॅमला तर सगळ्यात शेवटी पोचतं.

आणि तसंही ते उघडायचंच होतं. या इंजिनाला बाहेरून बदलायचा कागदी फिल्टर नाही. खाली जाळी असते आणि क्रँकवर एक रोटर फिरतो, तो जड कचरा बाहेर फेकून कडेला साठवतो. वीस वर्षांच्या गाडीत तिथे मेणासारखा काळा थर सापडतो. क्लचही त्याच कव्हराखाली. म्हणजे एकदाच उघडा, जाळी धुवा, रोटर साफ करा, प्लेटा मोजा, नवं पॅकिंग टाका. हे सांगूनही गॅरेजवाले रोटर टाळतात, कारण बाहेरून काही दिसत नाही.

हे काम घरी करू नका. छिन्नीने मेलेला स्क्रू आहे त्यात. या जपानी पद्धतीच्या स्क्रूचा खाचा नेहमीच्या चौकडी स्क्रू ड्रायव्हरला नीट बसत नाही, तो उसळतो आणि डोकं खातो. हातोडीच्या ठोक्याने फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर पाहिजे. चांगला मिस्तरी धरा, पॅकिंग स्वतः विकत घेऊन जा, आणि शेजारी बसा.

धुळ्याचा तात्या

अप्पांचं सगळं बरोबर, पण माणसाचा हिशेब कोणी धरत नाही. मास्तर, तुम्ही वर्षभर गॅरेजची पायरी चढला नाहीत आणि एक दिवस लळिंग घाटात गाडी बंद पडली, तर फोन कोणाला लावणार? माझा मिस्तरी रात्री आठला टेम्पो घेऊन येतो, कारण त्याचं ऑइल, त्याची चेन, सगळं मी त्याच्याकडूनच घेतो. मला पाना धरता येतो, तरी मी धरत नाही. दुकान तुटलेल्या माणसाला कोण उधार देतं?

बाकी एक काम मात्र स्वतः बघत जा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, आपल्या जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची रबरी नळी दाबून बघा. फुगली, चिकट झाली, भेगा पडल्या, तर बदला. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद.

शहाद्याचं गॅरेज

मी गॅरेजवाला, म्हणून माझीही बाजू ऐका. तात्या, गिऱ्हाईकाने घरी ऑइल बदललं म्हणून मी रागावत नाही. रागावतो ते पोत्यात भरलेला कार्बोरेटर घेऊन येतात तेव्हा, जेट एका खिशात, पिन हरवलेली. जिथे अडाल तिथे थांबा आणि जोडलेल्या अवस्थेत आणा.

पार्ट तुमचे असतील तर आधी सांगा, मजुरी तशी ठरते. भांडण गाडी खोलल्यावर होतं. आणि नीट काम पाहिजे तर दिवस निवडा. दिवाळीच्या आधी आणि आमच्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेच्या दिवसांत माझीच पोरं घाई करतात, मी किती जणांच्या मागे उभा राहू?

आणखी दोन गोष्टी. शेतातून आल्यावर चिखल फवाऱ्याने उडवू नका, जोराचं पाणी चाकाच्या बेअरिंगमध्ये घुसतं. ओली असतानाच काडीने मडगार्डमधला चिखल काढा, वाळला की दगड होतो. आणि ब्रेकचे ड्रम उघडले तर लायनरची धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. लायनर संपले की नाही हे न उघडताही कळतं, ब्रेक दाबून पॅनेलवरचा बाण खुणेपर्यंत गेला का ते बघा.

यावलचा मास्तर

सगळ्यांचे आभार. असं ठरवतोय: ऑइल, प्लग, केबल, नळी आणि टॅपेट माझ्याकडे. उजवं कव्हर आणि मागचं चाक मिस्तरीकडे, पॅकिंग मी घेऊन जाणार आणि तिथे बसणार. गॅरेज बदलतोय, पण तात्यांचं ऐकून चेनसेट त्याच नव्या माणसाकडून घेईन. बोअरचा विषय बंद.

अप्पा, दोन प्रश्न. चेन मी स्वतः ताणू का? आणि निघालेलं ऑइल बांधावर ओतलं तर चालेल का, गावात तसंच करतात.

शेडचा फिटर

बांधावर नको, विहिरीत उतरेल. जुन्या डब्यात भरून ठेवा, भंगारवाला नेतो.

चेन ताणू शकता, पण एक्सल ढिला करावा लागतो, म्हणून पहिल्यांदा नव्या मिस्तरीसमोर. कव्हरचं रबरी बूच काढून मधोमध बोटाने हलवा, 20 ते 30 मिलिमीटर हलली पाहिजे. चाक फिरवत चार ठिकाणी बघा, जिथे सगळ्यात घट्ट लागेल तिथलं माप धरा. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. चाक मागे सरकलं की मागच्या ब्रेकची ढिल बदलते, तीही लावून घ्या आणि ब्रेक लाइट वेळेवर लागतो का बघा. टॉर्क पट्टीच्या बोल्टची पिन विसरू नका. चेन ताणूनही खडखडली तर स्प्रॉकेटचे दात बघा, वाकडे झाले असतील तर पूर्ण सेटच बदला, नुसती चेन टाकू नका.

फिलर गेज घेताना बारीक पत्त्या जास्त असलेलं घ्या. यावलला मिळालं नाही तर भुसावळला या, मी दुकान दाखवतो.