मतदारसंघ तोच, उमेदवार तेच, मग केंद्र कुठलंही का नको?

कोपरखळी:
२० मे २०२४, लोकसभेचं मतदान. आम्ही ठाणे जिल्ह्यातले. घरात चार मतं आणि केंद्रं तीन! सासूबाईंचं समोरच्या शाळेत, माझं आणि नवऱ्याचं दोन किलोमीटरवर, दिराचं त्याच्याही पलीकडे. समोरच्या शाळेत रांगेत मोजून सात माणसं होती. माझ्या केंद्रावर मी पावणेदोन तास उन्हात उभी. माझ्या पुढच्या आजोबांनी शेवटी चपला काढून त्यावरच बैठक मारली.
उमेदवार तेच, यंत्रावरची बटणं तीच. मग समोरच्या शाळेत जाऊन मत दिलं तर बिघडलं काय? पैसे कुठल्याही एटीएममधून निघतात ना? निदान मतदारसंघाच्या आत तरी मोकळीक द्या. प्रशासनाच्या सोयीसाठी मतदाराने किती पळायचं?

तिसरा_अधिकारी:
ताई, मी शिक्षक आहे, सहा निवडणुकांची ड्यूटी केली आहे. एटीएम बँकेला तारेने जोडलेलं असतं. आमचं यंत्र कशालाच जोडलेलं नसतं, आणि त्यातच त्याची भिस्त आहे. तुम्ही मत दिलंत की नाही हे बाजूच्या शाळेला कळणार कसं?
आमच्यापुढे असते कागदी यादी. पहिला मतदान अधिकारी नाव मोठ्याने वाचतो, उमेदवारांचे प्रतिनिधी आपापल्या यादीत खूण करतात, मग नोंदीवर रेघ. बाई असेल तर अनुक्रमांकाला गोलही. दुसरा अधिकारी शाई लावतो, १७-अ नोंदवहीत, म्हणजे मत द्यायला आलेल्यांच्या वहीत, सही घेऊन चिठ्ठी देतो. ती चिठ्ठी घेऊन यंत्र एका मतासाठी खुलं करणारा तिसरा, म्हणजे मी. आता तुमचं नाव माझ्या यादीतच नसेल तर रेघ कशावर मारू?
दुसरं म्हणजे गर्दी. एका केंद्रावर १,५०० मतदारांची मर्यादा होती, २०२५ मध्ये ती १,२०० वर आणली. कंट्रोल युनिटमध्ये, म्हणजे यंत्राच्या मतं साठवणाऱ्या भागात, २,००० च मतं मावतात. कुठेही जा म्हटलं तर स्टेशनजवळच्या शाळेत जत्रा भरेल आणि मागच्या गल्लीतले कर्मचारी माश्या मारत बसतील.

रिकामटेकडा:
मास्तर, एक भाबडा प्रश्न. ड्यूटीच्या दिवशी तुम्ही स्वतः मत कुठे देता?

तिसरा_अधिकारी:
पकडलंत. 😀 मतदारसंघ माझाच असेल तर ईडीसी मिळते, म्हणजे निवडणूक ड्यूटी प्रमाणपत्र. ज्या केंद्रावर नेमणूक तिथेच मत देतो. केंद्राध्यक्ष प्रमाणपत्र ठेवून घेतात आणि माझं नाव यादीच्या शेवटी लिहितात.
पण माझ्या मूळ केंद्राच्या यादीत माझ्या नावापुढे ‘ईडीसी’ असा शेरा आधीच पडलेला असतो. तिथे गेलो तर परत पाठवतील. ही मोकळीक आदल्या कागदपत्रांवर उभी आहे, त्या दिवशीच्या मर्जीवर नाही.

कोपरखळी:
म्हणजे सोय आहे, फक्त आम्हाला नाही! मग आम्हालाही आधी अर्ज करू द्या की. पंधरा दिवस आधी केंद्र निवडायचं, जुन्या यादीत शेरा, नव्या यादीत नाव, जागा भरल्या की खिडकी बंद. यात तुमची रेघही सुटत नाही आणि जत्राही भरत नाही.

वेलिंग्टनकर:
न्यूझीलंडहून. इथे आपल्या मतदारसंघाबाहेरही मत देता येतं, त्याला विशेष मत म्हणतात. ते वेगळ्या पाकिटात जातं, नोंदणी तपासून मग मोजतात. त्याची किंमतही सांगतो. २०२३ मध्ये मतदान १४ ऑक्टोबरला झालं आणि अधिकृत निकाल ३ नोव्हेंबरला. मतदानाच्या रात्री नॅशनल पक्षाच्या ५० जागा दिसत होत्या, विशेष मतं मोजल्यावर ४८ राहिल्या. कोणी रस्त्यावर उतरलं नाही.
आणि भारतीय पासपोर्टवाल्या अनिवासी मित्रांचं काय, तर यादीत नाव घालता येतं, मत द्यायला मात्र विमान पकडून त्याच शाळेत हजर.

सडेतोड:
वेलिंग्टनकर, तिथलं तिथे ठेवा. इथे नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला संध्याकाळी पाचचा मतदानाचा आकडा ५८.२२ टक्के आणि शेवटचा ६६.०५, एवढ्यावरून किती रण माजलं! सहाच्या ठोक्याला रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं, शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत पुढे येतात, हेच निम्म्यांना माहीत नाही. त्यांना तीन आठवडे पाकिटं मोजताय म्हणून सांगा.
दूरस्थ मतदान यंत्राचं काय झालं आठवा. एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल असं यंत्र. आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावलं, विरोधी पक्षांनी शंकांचा ढीग लावला, गाडं तिथेच रुतलं. यंत्र तयार होतं, विश्वास नव्हता. पोलिंग एजंट, म्हणजे उमेदवाराचा प्रतिनिधी, गल्लीतलाच असतो, तोंड ओळखतो, म्हणून बोगस मतदार टरकतो. ताईंच्या योजनेत अनोळखी शाळेत अनोळखी तोंडं येणार. मी विरोधातच.

रिकामटेकडा:
सडेतोड, बाविसाव्या मजल्यावरच्या माणसाचं तोंड तुमच्या एजंटने शेवटचं कधी पाहिलं? आमच्या टॉवरमध्ये शेजारच्याचं नाव मला त्याच्या पार्सलवरून कळलं.

तिसरा_अधिकारी:
ताई, अर्जाची कल्पना वाईट नाही, पण तो शेरा हाताने तपासणारेही आम्हीच. आदल्या दिवशी साहित्य घेऊन शाळेत मुक्काम, पहाटे साडेपाचला मॉक पोल म्हणजे यंत्राचं चाचणी मतदान, त्यात आणखी एक पुरवणी यादी. त्यासाठी चौथा माणूस द्या, मग बोलू. तोवर यादीतली नोंद बदलायचा फॉर्म ८ भरा. पत्ता बदलला की केंद्र बदलतं.

कोपरखळी:
भरला होता मास्तर, आम्ही दोघांनी एकाच दिवशी. विधानसभेला माझं नाव समोरच्या शाळेत आलं. नवऱ्याचं जुन्याच केंद्रावर राहिलं.