अनुभव धागा: मोठ्या आजारातून उठल्यावर केस, औषधं आणि ताटातलं अन्न

नौपाड्याहून, धागा सुरू करणारी

न्यूमोनिया रक्तात पसरून मी आयसीयूत होते. त्यातून बरी होऊन घरी आले, ताकद यायला लागली आणि दोन-अडीच महिन्यांनी केस गळायला लागले. फणीत, उशीवर, न्हाणीघराच्या जाळीवर नुसते पुंजके. घरीदारी एकच वाक्य ऐकलं, "जीव वाचला ना, मग केसांचं काय घेऊन बसलीस!" बोलणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हे मला कळतं. पण जीव वाचल्याचा आनंद आणि वेणी गेल्याचं दुःख एकाच माणसाला एकाच वेळी होतं, आणि दोन्ही खरं असतं. म्हणून हा धागा.

मला त्वचेच्या डॉक्टर बाईंनी समजावलं ते आधी लिहिते. डोक्यावरचे साधारण ८५-९० टक्के केस वाढत असतात, बाकीचे विश्रांतीत असतात. मोठा ताप, शस्त्रक्रिया, उपासमार असं काही झालं की शरीर पुष्कळ केस एकदम विश्रांतीत ढकलतं, आणि ते दोन-तीन महिन्यांनी गळतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. मूळ शाबूत असतं. बहुतेकांची गळती सहा महिन्यांच्या आत ओसरते आणि नवे केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात. म्हणजे खांद्यापर्यंत यायला दोन वर्षं सहज जातात. हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझ्या निम्म्या रात्री शांत गेल्या असत्या.

माझं ठाम मत आहे की मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाने केसांसाठी काहीही विकत घेण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. हे केस आपले आपण येणार आहेत का? आणि हे औषध माझ्या जुन्या आजाराला चालेल का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर केसांच्या क्लिनिकात मिळत नाही, आपल्या मूळ डॉक्टरांकडेच मिळतं.

तुम्ही काय केलंत, काय खाल्लंत, काय नाकारलंत ते लिहा.

खारघरहून, वय ४९

स्तनाचा कॅन्सर. निदान परळच्या टाटात झालं, केमो इथे खारघरला टाटाच्याच ॲक्ट्रेक केंद्रात. तुमची गळती आणि माझी गळती वेगळी, ताई. केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर जातं, त्यामुळे वाढते केसच तुटतात. पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांतच सुरुवात झाली. सिस्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून पार्लरवालीला घरी बोलावून केस बारीक करून घेतले. हे मी सगळ्यांना सुचवते. लांब केस हातात येण्यापेक्षा ते बरं.

डोक्याच्या केसांची मानसिक तयारी झाली होती. पण पापण्या गेल्या की रिक्षातून जाताना डोळ्यांत किती धूळ जाते, नाकातले केस गेले की नाक कसं सारखं पाझरतं, हे कुणी बोलत नाही. खिशात रुमाल ठेवावा लागायचा आणि लोकांना वाटायचं मी रडतेय.

खाण्याचं म्हणाल तर तोंडाला धातूची चव यायची. स्टीलचा चमचा सोडून लाकडी घेतला, वरणात लिंबू जास्त पिळलं, तेव्हा दोन घास जायचे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना कच्ची कोशिंबीर आणि बाहेरचा रस बंद होता. काकडीसुद्धा वाफवून. आहारतज्ज्ञांनी प्रथिनांचा हिशेब घातला होता, वजनाच्या प्रत्येक किलोमागे निदान १.२ ग्रॅम. माझं वजन ५५ किलो, म्हणजे दिवसाला ६५ ग्रॅमच्या आसपास. अंड्यात ६, मूठभर शेंगदाण्यांत ७, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ असं मांडल्यावर कळलं की पोळी-भाजी आणि पातळ वरणावर हा आकडा गाठणं अशक्य आहे. तेव्हापासून सकाळी मुगाचं घट्ट धिरडं, दुपारी उसळ, रात्री अंडं किंवा पनीर. हे केसांसाठी नव्हतं. जखम भरायला, पुढची केमो झेपायला होतं. पण जे शरीराला मिळालं तेच केसांपर्यंत पोचलं.

केमो संपल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बाळाच्या जावळासारखे मऊ केस आले, करडे आणि कुरळे. माझे केस जन्मात कुरळे नव्हते. आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून लेट्रोझोल चालू आहे आणि त्याने भांग रुंदावलाय. वर्षानुवर्षं घ्यायची गोळी आहे, केसांसाठी सोडायचा विचारही करणार नाही. डोक्याला लावायचं केसवाढीचं औषध, मिनॉक्सिडिल, चालेल का, हे आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी हो म्हटल्यावरच बाटली आणली. फरक आहे, माफक आहे.

घोडबंदर रोडवरून, वय ३४, ऐरोलीत नोकरी

मला डेंग्यू झाला होता, प्लेटलेट खूप उतरल्या होत्या. दिवाळीच्या सुमारास केस गळायला लागले. एका क्लिनिकात गेलो तर पहिल्याच भेटीत पीआरपीचं पॅकेज पुढे ठेवलं. पीआरपी म्हणजे आपलंच रक्त काढून त्यातल्या प्लेटलेट गाळून टाळूत टोचणं. नुकताच डेंग्यू होऊन गेलाय सांगितलं, तरी कुणी प्लेटलेटचा ताजा रिपोर्ट मागितला नाही. तिथून उठलो.

दुसऱ्या डॉक्टरांनी भिंगातून टाळू पाहिली आणि दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. सगळीकडून होणारी गळती डेंग्यूची, ती थांबेल. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतले केस बारीक होत चाललेत ते आनुवंशिक, ते आपोआप थांबणार नाही. माझे बाबा, काका, सगळ्यांना टक्कल आहे. गळती थांबल्यावर मिनॉक्सिडिल सुरू केलं. सुरुवातीचे काही आठवडे उलट जास्त केस जातात, आणि बंद केलं की मिळवलेलं पुन्हा जातं, हे दोन्ही त्यांनी आधीच सांगितलं. त्यामुळे घाबरलो नाही. टक्कलावरची फिनास्टेराइडची गोळी मी सध्या नको म्हटलं, आम्ही मुलाचा विचार करतोय आणि त्याआधी नीट बोलून घ्यायचंय.

वाशीहून, वय ६३, निवृत्त

माझ्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदललाय, रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनची गोळी आयुष्यभर. वॉरफरिननेही काहींचे केस विरळ होतात, माझेही झाले. या वयात केस कशाला, असं म्हणणारे भेटतात. मला आरशात आजारी माणूस दिसायचा, आणि तो मला बघायचा नव्हता. एवढं कारण पुरेसं आहे.

दोन गोष्टी लिहितो, माझ्यासारख्यांच्या उपयोगी पडतील. भाचीने प्रेमाने शेवग्याच्या पानांची पूड आणून दिली, केसांना चांगली म्हणून. शेवग्याच्या पानांत व्हिटॅमिन के भरपूर, आणि वॉरफरिन नेमकं त्याच्याच विरुद्ध काम करतं. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, खाली आला. आयएनआर घसरला की कृत्रिम व्हॉल्व्हवर गुठळी व्हायची भीती. डॉक्टरांनी पालेभाजी बंद करायला सांगितली नाही. ते म्हणाले, दर आठवड्याला साधारण सारखीच खा, एकदम वाढवू नका, एकदम सोडू नका. आता मंगळवार आणि शुक्रवार पालेभाजीचे.

दुसरी गोष्ट मिनॉक्सिडिलच्या गोळीची. हल्ली केसांसाठी ती कमी मात्रेत देतात. हे औषध मुळात रक्तदाबाचं आहे. त्या रुग्णांच्या अंगावर केस वाढलेले दिसले, त्यातून ते डोक्याला लावायचं औषध झालं आणि अमेरिकेत १९८८ साली त्याला मान्यता मिळाली. गोळीने अंगात पाणी साठू शकतं, नाडी वाढू शकते. माझ्या हृदयाच्या डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. मी ऐकलं.

कोपरखैरण्याहून, पॅथॉलॉजी लॅबमधली तंत्रज्ञ

माझा स्वतःचा अनुभव थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहे, पण त्याहून महत्त्वाचं रोज कामावर दिसतं ते सांगते.

केस गळतात म्हणून लोक बायोटिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेतात. माणसाला दिवसाला गरज असते ३०-४० मायक्रोग्रॅमची, म्हणजे गोळी शेकडो पट जास्त. बऱ्याच यंत्रांची तपासणीची रीतच बायोटिनवर चालते. रक्तात ते जास्त असलं की थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो, आणि टीएसएच कमी म्हणजे थायरॉइड वाढलेला, तसा रिपोर्ट येतो. हार्ट ॲटॅक ओळखायची ट्रोपोनिनची तपासणीही चुकू शकते. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. हृदयाच्या रुग्णाने ही गोळी चालू आहे हे लपवलं, तर केवढं महागात पडेल! निदान रक्त देताना सांगा, आणि किती दिवस आधी बंद करायची ते डॉक्टरांना विचारा.

फेरिटिनचंही तसंच. शरीरातला लोहाचा साठा त्यावरून कळतो, पण अंगात जंतुसंसर्ग किंवा सूज असली की फेरिटिन आपोआप वर जातं. आयसीयूतून आल्या आल्या केलेलं फेरिटिन छान दिसलं म्हणजे लोह पुरेसं आहे असं नाही. थोडं सावरल्यावर हिमोग्लोबिन, टीएसएच, बी१२ आणि ड जीवनसत्त्वासोबत ते पुन्हा करून घ्यावं.

दिवाळे कोळीवाड्यातून

आईला २०२१ च्या लाटेत कोविड झाला, ऑक्सिजनवर होती. नंतर अंबाडा घालायलाही केस उरले नाहीत. आम्ही गोळ्या फारशा दिल्या नाहीत, डॉक्टरांनी लिहिलेलं लोह तेवढं दिलं. बाकी आमच्या घरचंच. मांदेली, बांगडा, जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी. फक्त एक बदल केला. आईला जेवल्या जेवल्या चहा लागायचा. चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही म्हणून चहा तासभर पुढे ढकलला आणि ताटात लिंबाची फोड आली. चहावरून घरात भांडणं झाली, हेही लिहिते. केस आले. पूर्वीइतके नाहीत.

कळव्याहून

माझ्या भावाला फुप्फुसाचा टीबी होता. त्याचं वजन इतकं उतरलं होतं की केस हा प्रश्नच सगळ्यात शेवटी आला. सरकारी निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत खात्यात महिन्याला ५०० रुपये यायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. आम्ही त्यातून अंडी, शेंगदाणे, चणे आणि दूध आणायचो. वजन वाढायला लागलं आणि त्यामागोमाग केस. वेगळं काही केलं नाही.

घणसोलीहून, मूळ गाव शेगाव तालुक्यात

चांगलं म्हणून जास्त घ्यावं, असं वाटणाऱ्यांसाठी लिहितो. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये आमच्या बुलढाण्याकडच्या गावांत लोकांचे केस अचानक मुठीने हातात यायला लागले. आधी पाण्यावर संशय होता. पुढे तपासणीत रक्तात सेलेनियम नावाचं खनिज वाढलेलं निघालं, आणि डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी जोडला. तेच सेलेनियम केसांच्या किती गोळ्यांत असतं बघा. व्हिटॅमिन ए जास्त झालं तरी केस गळतात. मला टायफॉइडनंतर मेडिकलवाल्याने दोन वेगवेगळ्या मल्टिव्हिटॅमिन दिल्या होत्या. दोन्हींची पाठ वाचल्यावर कळलं की अर्धे घटक तेच आहेत. एक परत केली.

कोपरीहून, वय ४१

मला काविळीने यकृत निकामी व्हायच्या टोकावर नेलं होतं. घरात आता जे काही येतं ते आधी यकृताच्या डॉक्टरांना दाखवायचं, असा नियम आहे. केसांसाठी काढे, गुळवेल, भस्मं सुचवणारे फार. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांना यकृताचा त्रास झाल्याचं नोंदवलं होतं, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. वादात मी पडत नाही. माझ्या यकृतावर मला प्रयोग करायचा नाही, इतकंच. अळीव खीर, नाचणीचं सत्त्व, राजगिरा, हे अन्न आहे. ते मी आनंदाने खाते. डोक्याला खोबरेल लावते. त्याने केस उगवत नाहीत हे माहीत आहे, पण आई तेल चोळते तेव्हा झोप लागते.

नेरूळहून, एका मुलीची आई

मुलगी चौदा वर्षांची आहे, ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचे, उपचार चालू आहेत. शाळेत जायचंय म्हणून तिने विग मागितला. घरातले म्हणाले, आता केस येतीलच, खर्च कशाला. मी घेऊन दिला. उन्हाळ्यात तो टोचतो, घाम येतो, म्हणून आत मऊ सुती टोपी घालते. सगळ्यांनी खाण्याचं लिहिलंय, माझी मुलगी काहीच खात नाही. काय करू?

खारघरहून

नेरूळच्या ताई, विग घेऊन दिलात ते फार बरं केलंत. खाण्याबद्दल, तीन वेळचं ताट समोर ठेवू नका, तिला बघूनच नको होईल. दर दोन तासांनी थोडंसं द्या. मला गार पदार्थ जायचे, गरम अन्नाच्या वासाने मळमळायचं. घट्ट दह्याचा चक्का घरी करून, नाचणीचं सत्त्व गार करून, उकडलेलं अंडं कुस्करून भातात. ती त्या दिवशी मागेल ते द्या, पण घरचं, ताजं आणि नीट शिजलेलं. पेशी कमी असतील तेव्हा दही चालेल का ते मात्र तिच्या डॉक्टरांना विचारा, आणि वजन उतरत असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता आहारतज्ज्ञांना भेटा. केस येताना तिला सांगून ठेवा की आधीसारखे नसतील, आणि रंग लावायचा हट्ट केला तर निदान सहा महिने तरी थांबायला लावा. मला तेच सांगितलं होतं.