‘पालक वेळ देत नाहीत’ म्हणे! मग बाकावर कोण बसलंय?

रावपुऱ्याची सून:
बडोद्यातल्या आपल्या मंडळाच्या ग्रुपवर काल एका निवृत्त मुख्याध्यापिकांचा मेसेज फिरला. सार एवढंच की विशेष मुलांच्या पालकांना हल्ली सगळं आयतं हवं, थेरपीचे पैसे भरले की ते सुटले. पूर्वी साधनं नव्हती, पण आईवडील घरी मेहनत घ्यायचे, म्हणून मुलं निभावून जायची. खाली नमस्कार आणि फुलांची रांग. तिथे बोलले असते तर सासूबाईंना नवरात्रात चारचौघींत बसायची पंचाईत झाली असती, म्हणून इथे लिहिते.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, तिसरीत, ऑटिझम. शाळेच्या माहितीपत्रकात ‘रिसोर्स रूम’चा, म्हणजे अशा मुलांना वेगळं शिकवायच्या खोलीचा, रंगीत फोटो आहे. ती खोली मी पाहिलीय. गॅदरिंगचे मुकुट, बँडचा फुटका ढोल आणि हवा गेलेला एक थेरपी बॉल. स्पेशल एज्युकेटर, म्हणजे विशेष शिक्षिका, आठवड्यातून दोनदा येतात, तीन शाखांना मिळून एकट्या. पहिलीत असताना शाळेने सांगितलं, तो मधेच उठून पळतो, तुम्ही थांबा. थांबले. वर्गाबाहेर एक बाक आहे, त्याचा डावा पाय हलतो. नोकरी सोडून अख्खं वर्ष मी त्या बाकावर काढलं. याला शाळेच्या भाषेत ‘पालक सहभाग’ म्हणतात. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्याजवळ बसणारी बाई, हवी तर पगार आपण द्यायचा, आणि ती कोण हे शाळा ठरवणार.

घरी आलं की ऑक्युपेशनल थेरपीचा (हातांच्या, रोजच्या कामांच्या सरावाचा) होम प्रोग्रॅम वेगळा, स्पीच थेरपीचा वेगळा. मणी ओवा, मोहरीत हात घाला, शिट्टी फुंका. मधे कुकर. आणि हा ‘पालक’ शब्द किती साळसूद आहे बघा. त्या बाकावर वर्षभरात मी एक बाप बसलेला पाहिला नाही.

नणंद न्यू जर्सीत असते, तिच्या मुलीचंही असंच आहे. तिथे १९७५ पासून कायदा आहे. प्रत्येक मुलाचा लेखी आराखडा होतो, आयईपी म्हणतात, आणि तो ठरवणाऱ्या बैठकीत आईबाप हक्काने बसतात. पटला नाही तर दाद मागता येते. तिथे सगळं गोडीगुलाबीचं आहे असं नाही, ती वकिलापर्यंत जाऊन आलीय. पण भांडली ती टेबलाशी बसून. माझी सही शाळेने आजवर एकदाच घेतली, ‘पाल्यास इजा झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही’ या कागदावर.

फळा आणि खडू:
तो मेसेज माझा नव्हे, पण मी त्याखाली सही करीन. ३४ वर्षं शिकवलं. ५२ मुलांचा वर्ग, त्यात दोन अशी. बी.एड.ला यातलं आम्हाला काहीही शिकवलं नव्हतं. शिवाय मतदारयाद्या आम्ही करायच्या, जनगणना आम्ही करायची. मग एखाद्या दिवशी आईला ‘थांबा’ म्हटलं तर तो जुलूम?

एक गोष्ट सांगते. माझ्या वर्गात एक मुलगा होता, बोलत नसे. वडील मांडवीजवळ बांगड्यांच्या दुकानात नोकर. मोजणी येईना, तर ते त्याला दुपारी दुकानात नेऊन बांगड्या मोजायला बसवायचे. बारा झाल्या की दोरा. सहा महिने फक्त तेवढंच. आज तो मुलगा त्याच दुकानात डझन बांधतो, एक बांगडी इकडची तिकडे होत नाही. कुठली रिसोर्स रूम होती? आणि मोटारीतून मुलाला सोडून, काच खाली न करता निघून जाणाऱ्या आयाही मी पाहिल्यात. तीन तीन थेरप्या आणि वही महिनाभर दप्तरातून बाहेर नाही.

विश्वामित्रीतली मगर:
वा बाई! म्हणजे शिक्षण खात्याचं काम बांगड्यांच्या दुकानाने केलं आणि श्रेय घेणार तुमची पूर्वीची मेहनत. ५२ मुलांचा राग वर काढा ना, बाकावरच्या बाईवर कशाला? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलंय, प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे पंधरांमागे एक. यावर कधी मोर्चा काढलात? की तेव्हा मतदारयाद्या होत्या?

फळा आणि खडू:
मोर्चा काढणाऱ्यांच्या बदल्या कुठे होतात ते तुम्हाला माहीत नसावं. नाव लपवून मगर होणं सोपं आहे.

व्हाउचर:
विषयाला धरूनच सांगतो. आयकरात जुन्या करपद्धतीत राहिलात तर अपंग मुलासाठी ७५,००० ची वजावट मिळते, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. ऑटिझमला ठरावीक नमुन्यातलं डॉक्टरी सर्टिफिकेट लागतं. दर मार्चला निम्मे पालक सर्टिफिकेट शोधत माझ्याकडे येतात. नवीन पद्धतीत यातलं काही नाही, हे रिटर्न भरायच्या आधी विचारा, नंतर नको.

रावपुऱ्याची सून:
भाई, मी नोकरी सोडली म्हणून सांगतेय आणि तुम्ही मला वजावट देताय.

मांजलपूरचा बाप:
एकही बाप दिसला नाही म्हणता. मी बसायचो. शाळा वेगळी, बाक वेगळा. बायको बँकेत, माझं दुकान, म्हणून मी. तिथल्या आया माझ्याशी बोलत नसत, शिपाई मला डिलिव्हरीवाला समजायचा. ते जाऊ दे. मुलगा आता १९ चा. दहावी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून केली. शाळेशी भांडताय ते ठीकच, पण एक लक्षात ठेवा, १८ पूर्ण झाले की आपण आईबाप असलो तरी कागदावर त्याचे पालक उरत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९. कलेक्टरच्या समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. मला बँकेच्या खिडकीवर कळलं. खातं त्याचं, सही त्याला येत नाही, आणि माझी चालत नाही.

लिलोचेवडो:
मेहनतीचं म्हणाल तर बाईंचं मला थोडं पटतं. आमच्या मुलाला सहा वर्षांपर्यंत एक शब्द नव्हता. थेरपिस्टने सांगितलं, घरात मराठी, खाली सोसायटीत गुजराती, शाळेत इंग्रजी, याने डोकं गोंधळतं, एकच भाषा ठेवा. आम्ही घरात मराठी बंद केली. फक्त इंग्रजी. अवघड गेलं, पण केलं. सगळ्यांनी करा.

उच्चार:
हे वाचून राहवलं नाही. मी वाचा-उपचारच करते. दोन-तीन भाषांमुळे ऑटिझमच्या मुलाचं बोलणं आणखी मागे पडतं, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. हा सल्ला जुना आहे आणि अजून सर्रास दिला जातो, माझ्याच व्यवसायातले लोक देतात, त्याची लाज वाटते. ज्या भाषेत आईला चिडता येतं, लाड करता येतात, ती भाषा काढून तिच्या तोंडी तोडकंमोडकं इंग्रजी दिलं तर मुलाला ऐकायला काय मिळतं? ‘कम. सिट. ईट. नो.’ एवढंच. कुत्र्याशीसुद्धा आपण जास्त बोलतो.

लिलोचेवडो:
कुत्र्याशी? ताई, जरा सांभाळून. अभ्यास तुमचे तुमच्याकडे ठेवा. भाषा बदलल्यावर चार महिन्यांनी माझा मुलगा फ्रीजपाशी उभा राहून ‘वॉटर’ म्हणाला. मी ग्लास भरला आणि बाथरूममध्ये जाऊन रडलो. मातृभाषेचा अभिमान ज्यांची मुलं भांडून पाणी मागतात त्यांना परवडतो.

उच्चार:
कुत्र्याचं वाक्य मागे घेते, चुकलंच. पण त्या चार महिन्यांत आणखी काय बदललं? तासिका वाढल्या? तुम्ही त्याच्याशी समोर बसून जास्त बोलायला लागलात? की फ्रीज उघडून द्यायचं थांबवलंत? श्रेय एकट्या इंग्रजीला कसं देता?

लिलोचेवडो:
फ्रीजला कुलूप लावलं होतं. तो बर्फ खायचा म्हणून.

विश्वामित्रीतली मगर:
घ्या. थेरपी कुलपाने केली.

सेवउसळ:
या शहरात ही चर्चा व्हावी याचंच नवल वाटतं. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. ब्रिटिश मुलखात तेव्हा नुसत्या चर्चा होत्या. मराठी शाळा, मराठी ग्रंथालयं, सगळं दिलं महाराजांनी. आणि आज बडोद्याची मराठी माणसं स्वतःहून घरातली मराठी बंद करतात! विशेष मुलांचं निमित्त आहे हो. नॉर्मल मुलांच्या घरात तरी कुठे उरलीय? परवा दांडिया बाजारात एक आई मुलाला म्हणत होती, ‘बेटा, बनाना फिनिश कर ने.’ एका वाक्यात तीन भाषा आणि मराठी त्यात नाहीच.

मांजलपूरचा बाप:
सेवउसळ, तुम्ही गणपतीत स्टेजवर हेच भाषण करता. महाराजांच्या पुतळ्यामागे लपून काही होत नाही. आमच्या मुलांना ‘निमित्त’ म्हणू नका.

माई (नातीने फोन लावून दिलाय, चुका पोटात घाला):
मी ७४ वर्षांची. माझ्या नातवालाही तसंच आहे. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सुनेने बजावलं, माई, याच्याशी इंग्रजीच बोला. मला मराठी येतं, गुजराती येतं. इंग्रजी मला रामनवमीच्या पत्रिकेवरचंसुद्धा धड वाचता येत नाही. म्हणून मी गप्प बसले. दोन वर्षं नातवासमोर गप्प. तो माझ्या मांडीवर येऊन माझा पदर गोल गोल गुंडाळत बसतो, आणि मी तोंडातल्या तोंडात काहीबाही म्हणते, कुणी ऐकलं तर रागावेल म्हणून हळू. सून वाईट नाही हं, तीही दमते. एक दिवस तो हळूच म्हणाला, ‘गोल गोल’. मी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतेय.

उच्चार:
माई, सुनेला सांगा. आजच सांगा. तो शब्द आहे.

लिलोचेवडो:
माई, तुमच्यापुढे मी काय बोलणार. पण माझी आईही गेली दोन वर्षं आमच्याकडे आली की टीव्हीच बघत बसते. आम्हाला वाटलं तिला मालिकांचं वेड लागलंय.

फळा आणि खडू:
भाषेचं बाजूला ठेवून मूळ मुद्द्यावर येते. रावपुऱ्याच्या ताई, वर्षभर आईला बाकावर बसवणं गैर आहे. एखाद्या दिवशी म्हटलं मी, वर्ष म्हटलं नव्हतं. एवढं मान्य करते. पण मोटारीच्या काचेबद्दल मी शब्द मागे घेणार नाही.

रावपुऱ्याची सून:
आभारी आहे. मीही तुमचे ५२ मान्य करते, हवे तर ५३ धरा. काचेचं मात्र सांगते. ती काच खाली न करणारी बाई मीसुद्धा असेन एखाद्या दिवशी. आत बसून रडत असते माणूस. काच खाली केली की गेटवरची कुणीतरी ‘आज कसा आहे गं?’ विचारते. त्याला उत्तर द्यायची ताकद रोज नसते.

आणि मेहनतीचं म्हणाल, तर माझी तक्रार मेहनतीची नाहीच. मणी मी आयुष्यभर ओवीन. मला शाळेकडून एक कागद हवाय. मुलगा या वर्षी काय शिकणार, कोण शिकवणार, आठवड्यातून किती तास. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ मान्यताप्राप्त शाळांना लागू आहे, भेदभाव न करता प्रवेश आणि लागेल ती मदत, असं त्यात आहे. मी तोंडी तीनदा विचारलं. ‘बघू’, ‘ट्रस्टींशी बोलू’, आणि तिसऱ्यांदा चहा.

विश्वामित्रीतली मगर:
चहा मिळाला म्हणजे प्रकरण वरपर्यंत गेलं होतं.

व्हाउचर:
तोंडी विचारलेलं कुठे नोंदलं जात नाही. बिलाशिवाय खर्च दाखवल्यासारखं आहे ते.

फळा आणि खडू:
याबाबतीत व्हाउचर बरोबर बोलले. शाळेचं ऑफिस मी आतून पाहिलंय. तोंडी बोललेलं घंटा झाली की विसरतात. अर्ज दोन प्रतींत करा, कलम लिहा, तुमच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीतून उठू नका. कारकून म्हणेल ‘साहेब नाहीत’, तरी उठू नका. शाळेचं नाव इथे लिहायला नको, मला खासगीत कळवा. सोमवारी मी मोकळी आहे.

लिलोचेवडो:
उच्चारताई, आईला फोन केला. मराठीत बोल म्हटलं त्याच्याशी. तर ती विचारते, ‘मग आता मी पाणी म्हणू का वॉटर?’ काय सांगू?

उच्चार:
पाणी म्हणू दे. त्याने वॉटर म्हटलं तरी ग्लास द्यायचाच. फक्त देण्याआधी पाच आकडे मनात मोजून थांबायला सांगा. आज्यांना तेवढंच जमत नाही.

रावपुऱ्याची सून:
बाई, सोमवारी पावणेआठला या. बाक दोघींना पुरेल. तुम्ही उजवीकडे बसा, डावा पाय हलतो.