मॉन्टिचेलो: घर बघायचं की गुलामगिरी ऐकायची?

रानवारा: "जेफरसनचं घर बघायला गेलो आणि गाइड सगळा वेळ गुलामांबद्दलच बोलत राहिली, तिकिटाचे पैसे वाया" ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. अहो, मॉन्टिचेलो म्हणजे अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याचं व्हर्जिनियातलं घर, ते चालतच होतं गुलामांच्या जिवावर! आयुष्यभरात 600 हून जास्त माणसं त्याच्या मालकीची होती. जेवणघरात शेगडीच्या बाजूला दारूच्या बाटल्या वर चढवायचा छोटा पाळणा आहे, त्याचं केवढं कौतुक. खाली तळघरात उभं राहून त्यात बाटल्या कोण ठेवत होतं, हे विचारायचंच नाही? खिळ्यांच्या कारखान्यात दहा-बारा वर्षांची पोरं राबायची. 1826 मध्ये तो कर्जात बुडून वारला आणि 1827 च्या जानेवारीत त्याच आवारात माणसांचा लिलाव झाला.

अण्णा_फेअरफॅक्स: पोस्ट माझीच. दारातलं मोठं घड्याळ लेकाला दाखवायला नेलं होतं. वजनं भिंतीवरून उतरतात तसा वार कळतो, भिंत पुरली नाही म्हणून शनिवार तळघरात! गाइडनं ते दोन वाक्यांत उरकलं. आधी वास्तू तर नीट दाखवा!

मीरा_ब: आपल्याकडे काय वेगळं आहे? माझी आजी एका इनामदारांच्या वाड्यात भांडी घासायची. यायचं मागच्या दारानं, चहा वेगळ्या कपात. आज तो वाडा तिकीट लावून दाखवतात. पाटीवर मालकांच्या सात पिढ्या, आजीसारख्यांचा उल्लेखही नाही.

अण्णा_फेअरफॅक्स: भांडी घासणं म्हणजे गुलामी नव्हे. आणि इनामदारांचं म्हणाल, तर कूळकायद्यात आमची सगळी जमीन गेली. आजोबा शेवटी कारकुनी करत वारले. आमचं दुःख कुठल्या पाटीवर आहे?

मीरा_ब: जमीन कुळांना मिळाली अण्णा, भांडी घासणारीला नाही. तिच्या हातावर काय पडलं?

रानवारा: आणि गुलामी आपल्याकडे नव्हती? पेशवाईत कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, विकत घेत. दफ्तरात किमतीसकट नोंदी आहेत.

अण्णा_फेअरफॅक्स: कुणबिणींचं मान्य. दफ्तरातच आहे तर नाकारून जाणार कुठे. पण घड्याळाचं म्हणणं मी सोडणार नाही. पोरं यंत्र बघायला येतात, त्यांना यंत्र समजावून सांगा.

रानवारा: सांगा की! त्याच दमात जॉन हेमिंग्जचंही नाव घ्या. त्या घरातलं नाजूक सुतारकाम करणारा हा माणूस गुलाम होता. कारागिरीच बघायची आहे ना तुम्हाला?

अण्णा_फेअरफॅक्स: त्याचं काम दाखवत असतील तर ऐकेन. भाषण नको.

मीरा_ब: आमच्या वाड्याच्या पाटीवर एक ओळ वाढवा म्हणून मी पत्र दिलंय. अजून उत्तर नाही. अण्णा, इनामदारांच्या घरचे आहात ना, सही कराल त्यावर?