"डेटाशीट वाचा" एवढ्यावर भागत नाही
फोरमवर कुणी विचारलं, "सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) हलवला की उनो (अर्डुइनोचा कंट्रोलर बोर्ड) रीसेट होतो", तर याला "आधी डेटाशीट (भागाचं माहितीपत्रक) वाचा" एवढंच उत्तर? एसजी९० या नेहमीच्या छोट्या सर्व्होची जी एकपानी डेटाशीट सगळीकडे फिरते, तिच्यात टॉर्क (फिरवण्याचा जोर) आहे, वेग आहे, करंटचा आकडा बहुधा नसतोच. नवख्याने वाचायचं काय? सर्व्हो अडकला की अर्ध्या अँपिअरच्या वरही खेचतो. उनोचा यूएसबी फ्यूज ५०० मिलिअँपिअरचा. त्यामुळे व्होल्टेज खाली येतं, बोर्ड रीसेट. सर्व्होला वेगळा ५ व्होल्ट, २ अँपिअर सप्लाय द्या, जवळच ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (पट्ट्याची बाजू निगेटिव्हला), आणि उनो नि सप्लाय दोन्हींचे ग्राउंड (निगेटिव्ह) एकमेकांना जोडा. ग्राउंड जोडायचं राहिलं तर सर्व्हो नुसता थरथरतो. प्रश्नकर्त्यांनीही "चालत नाही, अर्जंट" न लिहिता वायरिंगचा फोटो नि पूर्ण कोड टाकावा. सप्लाय कुठून घेतलाय, हे तर कुणीच लिहीत नाही.