परसदारातून घरात काय आलं? (अनुभव धागा)

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीचा रंग अळूच्या पानाने ठरवला. तिथूनच हा धागा सुरू करते.

आम्ही पुण्यात तळमजल्यावर राहतो. मागच्या बाजूला साधारण 12 बाय 20 फुटांची मोकळी जागा आहे. राहायला आलो तेव्हा तिथे नुसता राडारोडा होता. दोन पावसाळे माती तयार करण्यातच गेले: वाळका पाला, घरातला ओला कचरा आणि एक ट्रॉली लाल माती. तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी जिथे जातं, तिथे वडीचं अळू लावलं, काळ्या देठाचं.

रंगकाम काढलं तेव्हा रंगारी शेडकार्ड देऊन गेला. नुसत्या हिरव्याच्याच किती छटा! दोन दिवस ते कार्ड घेऊन घरभर फिरले, मन बसेना. तिसऱ्या दिवशी वड्यांसाठी पानं कापताना एक पान हातात उलटं झालं. वरून गर्द हिरवं, पण पोटाकडून राखाडीकडे झुकणारा फिकट हिरवा, आणि मधल्या शिरेला देठाकडून चढत आलेला जांभळा. कार्ड तिथेच पानाला टेकवलं आणि छटा सापडली. देठाचा काळपट जांभळा पडद्यांच्या काठाला घेतला. आता सकाळी मागचं दार उघडलं की भिंत आणि बाहेरचं अळू एकमेकांना ओळखतात, असंच मला वाटतं. चहा मी उभ्यानेच, त्या दारात पिते.

तुमच्या परसातलं काय घरात आलं? रंग, वास, एखादी फांदी, सवय, काहीही चालेल. जागा किती मोठी हे महत्त्वाचं नाही. फक्त स्वतः लावलेलं, स्वतः उचललेलं सांगा.

गुहागरहून

आमच्याकडे घरामागे असतं ते आगर. नारळ, पोफळी, पोफळींवर चढलेले मिरवेल, मधेच जायफळ. शोभेसाठी म्हणून कुणी काही लावत नाही. मी देशावरून लग्न होऊन आले तेव्हा मला ते सगळं अंधारं वाटायचं, खरं सांगते.

आगराच्या टोकाला बकुळ आहे. इथे तिला ओवळ म्हणतात. सासूबाई पहाटे खाली पडलेली फुलं परडीत गोळा करायच्या आणि पडवीत बसून ओवायच्या, सुई न घेता. बकुळीच्या फुलाला मधोमध भोकच असतं. केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडावरच्या सालीचा, धागा ओला करून, टोकाला पीळ देऊन एकेक फूल त्यात सरकवायचं. माझी बोटं पहिल्या वर्षी फार अडखळली. त्या म्हणाल्या, "घाई नको गो, फूल आपण हून येतं."

बकुळ वाळली तरी तिचा वास जात नाही. म्हणून आमच्या घरात त्या सरांना गजरा म्हणून थोडाच वेळ मिळतो, उरलेलं आयुष्य ते घर सजवण्यात काढतात. माजघराच्या खिडकीच्या गजांना मी वाळलेले सर बांधलेत, पडद्याऐवजी. वारा आला की आतपर्यंत वास येतो. लुगड्यांच्या ट्रंकेतही एक असतोच. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली, त्यांच्या हातचा शेवटचा सर अजून त्या ट्रंकेत आहे. तपकिरी झालाय, हात लावला तर चुरा होईल. वास आहे.

दुसरी गोष्ट पोफळीच्या विरीची. झावळीचं ते रुंद बूड गळून पडलं की पूर्वी चुलीतच जायचं. मी ते रात्रभर भिजवते, पाट्याखाली दाबून सपाट करते आणि वाळलं की त्याची तबकं कापते. फळं ठेवायला, दारात दिवे मांडायला. लाकडासारख्या उभ्या रेषा दिसतात त्यावर. पाहुणे विचारतात, कुठून आणलंत? मी आगराकडे बोट दाखवते.

नागपूरहून

आमच्याकडे उन्हाळ्यात बागेकडून रंगाची अपेक्षाच ठेवता येत नाही. पारा 45 च्या वर गेला की मोगरा सोडून सगळे माना टाकतात. मी कुंपणाच्या कडेने वाळा लावला. वर नुसतं गवत दिसतं, जीव सगळा खाली. दीड वर्षाने खणून मुळं काढली, धुतली, सावलीत वाळवली आणि जुन्या खिडकीच्या चौकटीत जाळीवर घट्ट विणून बसवली. मोठ्या ताटीएवढी मुळं निघाली नाहीत, दोन फूट बाय दीड फूट जेमतेम. ती चौकट दुपारी पश्चिमेच्या खिडकीत उभी करते आणि पाणी शिंपडते. आई दिवाणावर पडल्या पडल्या म्हणाली, "शाळेतून घरी आल्यासारखं वाटून राहिलं." यापलीकडे मला काही नको होतं.

एक सूचना, सांगलीहून

लहान मुलं असतील त्यांनी कण्हेर घरात सजवू नका. पांढरी, गुलाबी, पिवळी, सगळीच विषारी असते. पान, फूल, बी, चीक सगळं. आमच्याकडे वर्षानुवर्षं देवाला वाहतो, पण फुलदाणीत आणि जेवणाच्या टेबलावर नाही. पूजेनंतर हात धुवायचे, हा घरातला नियम.

फोंडा, गोवा

चवथीला आमच्याकडे गणपतीच्या वर माटोळी बांधतात. छताला टांगलेली लाकडी चौकट, आणि तिला लटकवलेली परसातली, रानातली फळं, फुलं, पानं. सुपारीचे घोस, न सोललेले नारळ, चिबूड, तोरिंग, आंबाडे, निरफणस, काकडी, दोडकी, आणि केवणीच्या सालीच्या दोरांनी सगळं बांधायचं. आता माटोळीचं सामान बाजारात मिळतं, आणि ज्यांना परसूं नाही त्यांनी विकत आणलं तर त्यात वाईट काही नाही. पण मी ठरवलं, निम्मं तरी आपल्या कुंपणाच्या आतलं हवं. म्हणून तोरिंग लावलं, चिबडाचे वेल मे अखेरीस टाकायला लागलो, आंबाड्याचं झाड तोडायचा विचार सोडून दिला.

गंमत अशी की माटोळीमुळे मला झाडाकडे खालून वर बघायची सवय लागली. फळ लटकतं कसं, कुठलं जड, कुठल्याच्या शेजारी कुठला रंग उठतो. चौकट वर्षभर छताला असतेच. पूर्वी ती चतुर्थीनंतर रिकामी असायची. आता बायको तिला कधी सुपारीचा पिकलेला केशरी घोस बांधते, कधी वाळत घातलेले दुधीभोपळे. खोलीत दुसरी कसलीच सजावट आम्ही ठेवलेली नाही.

न्यू जर्सीहून

आमच्या बॅकयार्डात वर्षाचे सहा महिनेच काही उगवतं, म्हणून मी लोभी झालेय. ऑक्टोबरात पहिलं दव गोठायच्या आत काय काय आत घेता येईल याची यादी फ्रिजवर असते. सर्वांत आधी तुळस आणि कढीपत्ता. दोन्ही कुंड्या दक्षिणेच्या खिडकीत. मग अळूचे कंद.

हायड्रेंजियाबद्दल सांगायचंय. निळी फुलं जुलैत ताजी तोडून वाळवायला गेले की मलूल व्हायची. शेजारच्या आजींनी शिकवलं: तोडायचीच नाहीत. ऑगस्ट संपेपर्यंत झाडावरच राहू द्यायची, पाकळ्या कागदासारख्या लागायला लागल्या की मग कापायची. निळ्याचा हिरवट, जांभळट, जुन्या पैठणीसारखा रंग होतो. ती फुलं मी आईच्या पितळी तांब्यात ठेवते. फेब्रुवारीत बाहेर गुडघाभर बर्फ असतो आणि आत तो तांब्या. मुलगी म्हणते, आजीचा तांब्या आणि आजीआजींची फुलं. शेजारच्या आजींना ती आजीआजी म्हणते.

कोल्हापूरहून

आमच्या वडिलांनी मागच्या दारी जास्वंदीची पाच झाडं लावली होती. रोज पहाटे फुलं मोजून आईला सांगायचे, "आज सतरा." ते गेल्यावर झाडांकडे बघवेना. त्या वर्षी पिठ्या ढेकूण पडला, कळ्या उमलायच्या आत गळायच्या, फांद्यांवर पांढरा कापूस आणि मुंग्यांची रांग. एका रोपवाटिकेतून आणलेल्या औषधाने पानंच करपली. शेवटी आई उठली. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन तिने एकेक फांदी घासली. मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण, आठवड्यातून एकदा, संध्याकाळी. दीड महिना लागला.

जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. पण त्या दिवसापुरतं त्याला पाणीसुद्धा लागत नाही, नुसतं ठेवलं तरी संध्याकाळपर्यंत तसंच राहतं. वडिलांच्या खुर्चीमागे एक लांब लाकडी फळी आहे. त्यावर आई रोजची फुलं ओळीने मांडते, देवाची बाजूला काढून. लाल, लाल, एक पिवळं, लाल. आणि मांडून झाली की मला हाक मारून आकडा सांगते.

नाशिकहून

मी निवृत्त माणूस, सजावटीतलं मला कळत नाही. पण नातू आमच्याकडे राहायला आला होता आणि कढीपत्त्याच्या पानावर त्याला पक्ष्याची विष्ठा दिसली. ती हलली. कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी सुरुवातीला तशीच दिसते, मग कात टाकत टाकत हिरवीगार होते. आधी मी अळ्या वेचून टाकायचो. नातवाने हट्ट धरला म्हणून एक फांदी बाटलीत घालून हॉलमध्ये ठेवली, रोज ताजी पानं. कोष झाला, दिवसेंदिवस तो नुसता लटकत राहिला आणि एका सकाळी आम्ही चहा घेत असताना उकलला. पंख ओले, चुरगळलेले. तासाभरात ते ताठ झाले. नातवाने स्वतः खिडकी उघडली.

तेव्हापासून टीव्हीशेजारची ती जागा फांदीची आहे. शोकेसमधली चिनी मातीची बदकं हिने आपण होऊन आत ठेवली. कढीपत्त्याची आता तीन झाडं आहेत, एक आमच्या फोडणीला, दोन अळ्यांना. लिंबूही लावलंय. महाराष्ट्राने 2015 मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं. त्याच्या अळ्या लिंबावर वाढतात. अजून आलेलं नाही. नातू दर रविवारी फोनवर विचारतो.

धागाकर्ती, पुण्याहून

गुहागरच्या ताईंचं वाचून काल पहाटे गल्लीच्या टोकाला असलेल्या बकुळीखाली गेले. ओंजळभर मिळाली. केळीचं सोपट मागच्या दारीच होतं. ताई, माझा धागा तिसऱ्या-चौथ्या फुलाला तुटतो. सोपट किती वेळ भिजवायचं, आणि आतलं घ्यायचं की बाहेरचं? उरलेली फुलं ओल्या फडक्यात ठेवलीत.