जुहूला जायचंय, पण पावभाजी सोडून तिथं आहे काय?

सांगलीची_सून:
नमस्कार मंडळी. या शनिवारी पार्ल्याला नणंदेकडे येतोय, सोबत सासूबाई आणि आठवीतला मुलगा. मी लहानपणी एकदाच जुहूला गेलेले, घोड्यावर बसले आणि रडले एवढंच आठवतंय. नणंद म्हणते काय बघायचंय तिथं, नुसती गर्दी, पावभाजी खा आणि परत या. पोरगं हल्ली कुठंही गेलं की "इथं आधी काय होतं" विचारतं आणि मी गप्प. जुनं काही असेल तर सांगा. आणि संध्याकाळी सहाला पोचलो तर चालेल ना?

पारलेकर_५२:
आधी बेट होतं, हे पहिलं उत्तर. साष्टीच्या, म्हणजे आताची उपनगरं आहेत त्या मोठ्या बेटाच्या, पश्चिमेला वाळूची लांबट पट्टी, मधे खाडी. भराव पडत गेले आणि बेट कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

पोराला विमानं आवडत असतील तर मजा आहे. समुद्राजवळच जुहूचा विमानतळ आहे, 1928 चा. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एकटेच निघाले, अहमदाबादला थांबून इथं उतरले, आपल्याकडची विमान कंपनी तिथनं सुरू झाली. पण पावसाळ्यात मैदानात पाणी, मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवायचे! आता तिथं हेलिकॉप्टरं असतात. आणि 1972 च्या सप्टेंबरात जपानचं एक मोठं जेट सांताक्रूझचा विमानतळ समजून चुकून इथंच उतरलं, धावपट्टी पुरली नाही, नशीब कुणी दगावलं नाही. आमच्या घरी हा किस्सा इतक्यांदा झालाय की मी विमानात होतो असं वाटतं.

सासूबाईंना गांधीजींच्या पुतळ्यापाशी न्या. लोक तिथं फक्त "पुतळ्याजवळ भेट" म्हणतात, पण 1924 मधे ससूनला अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, येरवड्यातनं सुटका झाली आणि ते हवापालटाला जुहूलाच आले. 1944 ला आगाखान पॅलेसमधनं सुटल्यावर परत इथंच, आणि त्याआधी अडीचच महिने कस्तुरबा गेलेल्या.

लोकल_लटकू:
गाडी आणू नका, पार्किंगमधेच संध्याकाळ जाईल, रिक्षा करा. बाकी 2011 चा पावसाळा विसरलात का काका? अलंगला भंगारात निघालेलं जहाज दोर तुटून जुहूला येऊन रुतलं, आणि त्याच पावसाळ्यात खलाशांनी ओमानजवळ सोडून दिलेलं दुसरं जहाज एकटंच तरंगत इथवर आलं, कुणाला पत्ता नाही. आम्ही कॉलेज बुडवून बघायला गेलेलो, फोटोपेक्षा कणसंच जास्त खाल्ली.

मोरागावचा_पोर:
सगळं सांगितलं, आम्हाला विसरले 😀 विमानं नव्हती तेव्हापासून आम्ही इथं आहोत. जुहू म्हणजे चौपाटी नाय, मोरागाव आणि जुहू कोळीवाडा दोन्ही बघा, होड्या वर ओढलेल्या असतात, बाजूला कुणीतरी जाळं सांधत बसलेला असतो, गोड बोललात तर सांगेल सगळं. फोटो मात्र विचारून काढा, दर रविवारी कुणीतरी न विचारता बायकांच्या टोपलीवर मोबाईल धरतो, मग शिव्या खातो.

आणि सहाला येऊ का ते आधी तिथी बघून ठरवा. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ, तिथनं सहा तासांनी सुकती, म्हणजे तुमची ओहोटी. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून परत मोजायचं. अष्टमीला सहाला पाणी भरलेलं, तेव्हा चालायला वाळूच कमी. पुनव-अमावशेला बाराला भरती, सहाला सुकती, उधाणाचे दिवस ना, पाणी पार लांब जातं. थोडं मागंपुढं होतं, पण आजोबा यावरच होडी काढायचे. पोराला पाण्यात मात्र गुडघ्यापुढं सोडू नका.

सांगलीची_सून:
अहो किती छान! कॅलेंडर बघितलं, शनिवारी द्वादशी. मी मोबाईलमधे कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत सासूबाई म्हणाल्या, नऊ. पाऊणकी त्यांना अजून पाठ आहे. म्हणजे तीनला सुकती. मग सहा कॅन्सल, जेवून अडीचलाच निघतो. ऊन लागेल म्हणून नणंद आत्ताच कुरकुरतेय.